पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

"वाघ काढून टाक," मामा म्हणाले. "वाघ आता कोनाचाच नाई राह्यला."

लॅपटॉपवर तीन नमुने उघडे होते, तिन्ही भाचीनं स्वतःसाठी केलेले. एकात वाघाच्या पट्ट्यांमधून तिच्या नावाचं पहिलं अक्षर उमटत होतं. दुसऱ्यात तेच अक्षर बांबूच्या पेरांचं होतं. तिसऱ्यात चिन्ह नव्हतंच, नुसतं नाव होतं.

मामांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा आणि आसपासच्या गावांतल्या पाट्या हातानं रंगवण्यात उमर घालवली. भाची नागपुरात उपयोजित कला शिकली, काही काळ एका एजन्सीत राहिली आणि आता घरी बसून पुण्या-मुंबईची कामं करते. मधल्या वेळात तांदळाचे कट्टे (पोती), लग्नपत्रिका, नाटकाची पोस्टरं. दोघांची नावं देत नाही, कारण ही माणसं मी जुळवलेली आहेत. या धंद्यातल्या लोकांकडून जे ऐकायला मिळतं ते दोन तोंडांत वाटून दिलं आहे. वाद मात्र जुळवलेला नाही. डिझायनरनं स्वतःची ओळख घडवायची म्हणजे काय घडवायचं, यावर या दोन पिढ्यांचं जमत नाही.

"पण मामा, चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघच आठवतो. मी कुठली हे एका नजरेत कळतं."

"तू कुठली हे कळते. तू कोन हे कळते का?"

ताडोबाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यानं एकदा गेलेल्या कुणालाही हे पटेल. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. मग पर्यटन वाढलं तसा वाघ रिसॉर्टच्या फाटकावर, जिप्सीच्या दारावर, टी-शर्टवर आणि जेवणाच्या मेनूवर जाऊन बसला. सगळ्यांनी तेच चिन्ह घेतलं की ते जिल्ह्याचं होतं, माणसाचं राहत नाही. बांबूचंही तेच. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, बांबूच्या वस्तू करणाऱ्या बाया जिल्ह्यात आहेत, ती खूण त्यांना शोभते. आणि 'आदिवासी भाग' म्हटलं की पुण्याची माणसं जी वारली चित्रं मागतात ती तर इथली नाहीतच, ती पालघरकडची. हा माझा जुना राग आहे, तो इथे निघाला एवढंच.

भाचीनं मात्र वाघ सोडला तरी चिन्हाचा हट्ट सोडला नाही. "मग चंद्रपूरच्या परकोटावर काय आहे? गोंड राजांनी दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरून ठेवला. खाली कुणाचं नाव नाही. तरी इतकी शतकं कळतंच ना, कुणाचा तो?"

"कळते. कारन भिंत त्यायची होती, राज्य त्यायचं होतं. आधी परकोट बांधला, मंग सिंह बसवला. तू सिंह आधी बसवून राह्यली."

"परकोट बांधायला कुणी काम तर दिलं पाहिजे! आणि काम देणारा पुण्यात बसून आधी माझा सिंहच बघतो."

"मंग त्याले भिंत दाखव."

इथे मी मामांच्या बाजूनं. नवे डिझायनर बोधचिन्हावर महिना घालवतात आणि केलेल्या कामांचा संग्रह एका रात्रीत कसाबसा लावतात. गिऱ्हाईक बघतं ते नेमकं उलट. त्याला पाच-सहा कामं दिसली पाहिजेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी दोन ओळी: अडचण काय होती, काय बदललं, का. मिलवाल्याचा कट्टा आधी कसा होता, नंतर कसा झाला, हे शेजारी-शेजारी ठेवलं तर त्या दोन चित्रांत डिझायनर जितकी दिसते तितकी तिच्या नावाच्या आद्याक्षरात दिसत नाही. स्वतःचं बोधचिन्ह संपत नाही यालाही कारण आहे. दुसऱ्याच्या कामात 'आता पुरे' म्हणायला गिऱ्हाईक असतं. स्वतःच्या कामात ते कुणी म्हणत नाही.

"मुळात तुले पोंभुर्ण्यात कोन ओळखत नाई?" मामांचा पुढचा प्रश्न. "बस स्टँडवर उतरून इचारलं तरी कोनीबी घर दाखवते."

"म्हणून तर पोंभुर्ण्यात मला ओळखीची गरज नाही. जो मला कधी भेटणार नाही, त्याच्यासाठी ती करायची. तुम्हाला लोक दुकानात येऊन भेटत होते. माझं गिऱ्हाईक माझा आवाजसुद्धा ऐकत नाही, ईमेल वाचतं. बिलाचा कागद, ईमेलखालची सही, कामाची फाईल पाठवताना तिला दिलेलं नाव, हे सगळं मिळून मी आहे त्याच्यासाठी."

"फाईलच्या नावातबी ओळख?"

"मामा, 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' असं नाव दिलं की समोरच्याला कळतं आपला हात कसा चालतो ते."

मामा हसले, पण हे त्यांना उमगलं असावं. ब्रश धुऊन तेलात ठेवणारा पेंटर आणि तसाच वाळू देणारा पेंटर यांतला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या पाट्यांवर उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत त्यांचं नाव असे आणि पुढे 'आर्ट्स'. त्या काळी बहुतेक पेंटरांचं असे. पाटी आवडली की माणूस वाकून कोपरा वाचायचा आणि दुकान शोधत यायचा. चित्रकारांचीही रीत हीच. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची सही मराठी घरांत त्यांच्या चित्रांइतकीच ओळखीची होती. कमल शेडगे यांना तर सहीचीही फार गरज पडली नाही. नाटकाचं नाव ते अशा वळणानं लिहीत की वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या गर्दीत ते अक्षरच नाटकाचा चेहरा होई, आणि जाणकार लांबून म्हणत, हे शेडग्यांचं. २०२० मध्ये ते गेले.

"पाह्य," मामा म्हणाले, "शेडग्यांनं कोनता वाघ काढला होता?"

"शेडगे मुंबईत होते. त्यांचं अक्षर पेपरात छापून येत होतं, लोक रोज बघत होते. माझं काम कुठं दिसतं? झाडीपट्टीचं पोस्टर घ्या."

हे उदाहरण तिनं मुद्दाम घेतलं. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्यांच्या कंपन्यांची कार्यालयं मुख्यतः वडशाला. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि गावजत्रेची मंडई आली की पानठेल्यांच्या भिंती पोस्टरांनी भरतात. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. पोस्टरवर नाटकाचं नाव, कंपनीचं नाव, कलाकारांचे फोटो, लेखक, दिग्दर्शक, फोन नंबर. छापणाऱ्या प्रेसचंही नाव खाली सापडतं. ते सगळं एका कागदावर बसवणाऱ्या माणसाचं सापडत नाही.

"निवडणुकीच्या पत्रकावर तर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव टाकलंच पाहिजे असा कायदा आहे," भाची म्हणाली. "१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात. डिझायनरचं कुठंच नाही."

"नाव नाई म्हून काय अडलं? आपल्या नागभीडकडच्या नांदेडच्या दादाजीचंच पाह्य. एचएमटी तांदूळ साऱ्या मुलखात गेला. नाव त्या माणसाचं होतं का त्याच्यावर?"

मामांनी दिलेल्या उदाहरणानं त्यांचाच घात केला, असं मला वाटलं. दादाजी खोब्रागडे हा थोड्याशा जमिनीचा शेतकरी. त्यानं भाताच्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं राखलं आणि वर्षानुवर्षं निवड करत एक नवं वाण उभं केलं. बाजारात त्याला नाव पडलं ते त्या वेळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळाचं. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं वाण प्रसारित केलं, आणि त्या वाणाचं श्रेय कुणाचं हा वाद दादाजींना आयुष्यभर पुरला. मान मिळाला, २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. पैसा मिळाला नाही. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या आजारपणाच्या खर्चाची चर्चा वर्तमानपत्रांत चालू होती.

"अडलं ते हेच," भाची म्हणाली. "घड्याळाच्या कंपनीचं नाव तांदळाला, विद्यापीठाचं नाव तांदळाला. ज्यानं केलं त्याचं कुठे?"

"थांब. पुढं त्यानं स्वतःच्या नावाचंबी धान काढलं ना? डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. आता सांग, मूलच्या बाजारात जाऊन गिऱ्हाईक काय मागते? डीआरके का एचएमटी?"

ती गप्प झाली. एचएमटीच मागतात. नाव टाकलं की ओळख होते असं नाही. वेळेवर नाव टाकलं नाही तर मागाहून टाकलेलं रुजत नाही, एवढं या उदाहरणातून निघतं, आणि ते दोघांपैकी एकालाही पुरतं सोयीचं नाही.

म्हणून ती बिलाच्या कागदावर आली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ असं की, कामाचे हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलं' असं सांगायचा निर्मात्याचा अधिकार शिल्लक राहतो. आणि कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ती प्रत्येक बिलाच्या मागे चार ओळी छापते: बोधचिन्हाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर गिऱ्हाईकाचे, कच्चे नमुने माझे, आणि हे काम माझ्या संग्रहात दाखवायची मला मुभा.

"कोन वाचते?"

"कुणी नाही. भांडण झालं की वाचतात."

ट्रेडमार्कवरही बोलणं झालं. स्वतःच्या नावाची नोंदणी करायची तर डिझाइन सेवा बेचाळिसाव्या वर्गात येते, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे साडेचार हजार रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. साडेचार हजारांत ऑइल पेंटचे किती डबे येतात याचा हिशेब मामांनी तोंडी केला. इथेही मी त्यांच्या बाजूनं: चोरावं असं नाव आधी होऊ दे.

पण लगेच पुढच्या मुद्द्यावर दोघं खरोखर भिडले. भाचीच्या शिक्षकांनी तिला शिकवलं होतं की ओळख घडते ती नाकारलेल्या कामांतून. सगळं करणारा माणूस कुणाच्याच लक्षात राहत नाही. तिनं ठरवलं होतं: वाढदिवसाचे बॅनर नाही, गुटख्याची पुडी नाही, दारू नाही. शेतमालाची पाकिटं, नाटक आणि देवनागरी अक्षरं, बस.

"मी कोनाले नाई म्हनलो नाई," मामा म्हणाले. "किराना, कृषी केंद्र, हनुमानाचं मंदिर, बार. जिल्ह्यात २०१५ ले दारू बंद झाली तवा मीच रंगवलेल्या बारच्या पाट्यांवर मीच चुना मारला. त्याचेबी पैसे घेतले."

"आणि २०२१ ला पुन्हा सुरू झाली तेव्हा?"

"तवा पेंटरले कोन बलावते? सारे फ्लेक्स आनि लाइटवाले बोर्ड लागले. म्हून सांगतो, नाई म्हनाचं तर आधी कोनी बलावत असलं पाह्यजे."

हा टोला खरा आहे. 'आपला कोपरा निवडा' हा सल्ला मुंबईत चालतो, कारण तिथे कोपऱ्यातही गर्दी असते. नगरपंचायतीच्या गावात उन्हाळ्यात लग्नपत्रिका, हिवाळ्यात धान आणि नाटक, मधे निवडणूक, असं वर्ष जातं. यातलं एक गाळलं की एका हंगामाचा पैसा गेला. पण भाचीचं गिऱ्हाईक आता फक्त इथलं नाही, हे मामा विसरत होते. तिनं तोड काढली आहे: वाढदिवसाचे बॅनर करते, संग्रहात ठेवत नाही. एजन्सीतल्या तिच्या मैत्रिणींना हा अप्रामाणिकपणा वाटतो. मला तो संसार वाटतो.

मग तिसरा नमुना उघडला, नुसत्या नावाचा. खाली गावाचं नाव. इथे वाद थांबून काम सुरू झालं.

'पोंभुर्णा' हा शब्द डिझायनरची परीक्षा घेतो. वर ओकाराची मात्रा, तिच्यावर अनुस्वार, पुढे रफार. खाली उकार. म्हणजे शिरोरेषेच्या वरही गर्दी आणि खालीही. व्हिजिटिंग कार्डावर बारीक छापला की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. व्हॉट्सअॅपच्या गोल फोटोत बसवायला गेलं तर वरचा-खालचा भाग कापला जाऊ नये म्हणून अक्षरं इतकी लहान करावी लागतात की वाचताच येत नाहीत. तिनं मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता फॉन्ट लावून पाहिला होता. अंगानं मोकळा, वाचायला स्वच्छ आणि फुकट वापरता येणारा.

"सोपा आहे," मामा म्हणाले. "पन हे तर कोनीबी करते. बँकेच्या कागदावर असंच असते."

"म्हणूनच तुम्हाला विचारते. तुम्ही हा शब्द किती पाट्यांवर लिहिला असेल?"

मामांनी कागद ओढला. आधी शिरोरेषा मारली नाही. आधी उभे दंड, मग उकार, आणि तो भ-च्या पोटाखाली नेहमीपेक्षा आडवा पसरलेला, म्हणजे खाली कमी उतरणारा. अनुस्वार मात्रेच्या डोक्यावर न ठेवता तिच्या उजव्या कुशीत. रफार जरा पुढे झुकलेला. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, टोकाला किंचित जाड. सगळा शब्द एका हातात मावेल इतका बुटका झाला, तरी वाचता येत होता.

"पाटीची उंची दुकानदार ठरवते," ते म्हणाले. "वर जागा नसली तं अक्षराले बसवाच लागते."

रंगाचंही त्यांनी असंच सांगितलं. इथल्या उन्हात फ्लेक्सवरचा गुलाबी आणि पिवळा आधी उडतो. मेपर्यंत नेत्यांचे चेहरे निळे पडतात, हे भाचीनंही पाहिलं होतं. पण त्यावरून स्वतःचा रंग ठरवायचा हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिचा आवडता केशरी गेला, गडद निळा आला. हा निर्णय तिला बरेच दिवस सलेल असं दिसतं.

त्या कागदाचा तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि मग जे बोलली त्यावर अजून तोडगा नाही.

"मामा, तुमच्या या अक्षरांचा फॉन्ट करते. माझं नावही त्याच अक्षरांत."

हनिफ कुरेशी या डिझायनरनं 'हँडपेंटेड टाइप' नावाचा उद्योग केला होता. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट करायचे आणि फॉन्टला नाव पेंटरचंच द्यायचं: पेंटर कफील, पेंटर उमेश. २०२४ मध्ये कुरेशी गेले. भाचीनं मामांना तो फॉन्ट दाखवला. नाव पाहून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एकदम व्यवहारावर आले.

"नाव माझं. मंग तुझी ओळख कशी झाली ते?"

"फॉन्ट तुमचा, तो वापरून केलेलं काम माझं. शेतमालाच्या पाकिटावर इथल्याच पेंटरचं अक्षर. दुसऱ्या कुणाकडे ते असणार नाही."

"म्हंजे वाघाऐवजी मामा."

"मामा सगळ्यांकडे नसतो."

"विकला तं अर्धे माझे. कागद करू. ते कलम कोनतं म्हनलीस, एकोनीस?"

"हो. लेखीच करायचं."

"आनि एक. माझं अक्षर कोनत्या पक्षाच्या बॅनरवर नाई लागलं पाह्यजे. बारवरबी नाई."

आता हसायची पाळी भाचीची होती. "तुम्ही तर कुणाला नाही म्हटलं नाही!"

"तवा पाटी मी रंगवत होतो. कोनाची रंगवून राह्यलो ते समोर दिसे. हे तं घरबसल्या कोनीबी नेईन."

"परवान्यात अट घालता येते. पण फॉन्ट एकदा बाहेर गेला की अट पाळली का हे बघायला मी गावोगाव फिरणार आहे का? आणि निवडणुकीत सगळ्यात आधी तोच चोरतील."

"मंग नको करू."

"मग माझं नाव कशात लिहू?"

मामांनी उत्तर दिलं नाही. कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव लिहायला घेतलं, आणि दुसऱ्याच अक्षरावर थांबून म्हणाले, "याची वेलांटी लांब ठेवू का आखूड? आखूड केली तं कट्ट्यावर शिलाईत नाई जानार."